जुन्या ध्वनिमुद्रिकांची संकलने



कोप्पीकर रोडवर ग्रंथालयाच्या शताब्दीसाठी जमावे आणि वक्त्याने तबकड्यांविषयी बोलावे, हे काहींना विषयांतर वाटेल. मला तसे वाटत नाही. १८५४ साली परशुरामपंत तात्या गोडबोले यांनी ‘नवनीत’ सिद्ध केले आणि पुढील कित्येक पिढ्यांना प्राचीन मराठी कविता भेटली ती प्रायः त्या एका संग्रहातून. नवनीतात जे आले ते पाठ झाले. जे आले नाही त्यातले पुष्कळसे बासनातच राहिले. जुन्या तबकड्यांतील निवडक गाणी एकत्र करून निघालेल्या एल.पी., कॅसेट आणि सी.डी. ही आपल्या संगीताची नवनीतेच होत. त्यांचे संपादन कोणी व कसे केले, हा प्रश्न म्हणूनच साहित्याच्या अभ्यासकालाही टाळता येत नाही.

धारवाड-हुबळीच्या माणसाला तबकडीचे सामर्थ्य सांगावयास नको. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतील ठुमरी तबकडीवर ऐकली आणि गदगचा अकरा वर्षांचा भीमसेन १९३३ साली गुरूच्या शोधार्थ घराबाहेर पडला. पुष्कळ भटकंतीनंतर तो खाँसाहेबांच्याच शिष्याकडे, कुंदगोळच्या सवाई गंधर्वांकडे, पोहोचला. लाखेच्या एका चकतीची एक बाजू, जेमतेम साडेतीन मिनिटांची. तिचा हा परिणाम.

परंतु गंगूबाई हनगल यांचे उदाहरण मला अधिक बोलके वाटते. आज त्यांचे नाव घेतले की आपल्या कानांत तो भारदस्त, पुरुषी वाटावा असा स्वर घुमतो. १९३० नंतरच्या दशकात ‘गांधारी’ या नावाने निघालेल्या त्यांच्या तबकड्या ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना ठाऊक आहे की तो गळा निराळा होता : उंच पट्टीचा, पातळ, चपळ. पुढे घशाच्या दुखण्यावरील उपचारानंतर आवाज बदलला आणि बाईंनी त्या बदललेल्या आवाजातूनच आपली गायकी उभी केली. त्या आरंभीच्या काळात जी. एन. जोशी यांच्याबरोबर त्यांनी मराठी भावगीतेही गायिली. किराणा घराण्याची ही थोर गायिका मराठी भावगीताच्या उंबरठ्यावरही उभी होती, हे आजच्या किती विद्यार्थ्यांना माहीत आहे? केवळ उत्तरकालीन ख्यालांचेच संकलन हाती पडले, तर श्रोत्याला अर्ध्याच गंगूबाई भेटतात. आवाज हरपल्यावर तो पुन्हा घडविण्याची त्यांची झुंज तर त्याच्या लक्षातही येत नाही.

संकलन साक्षेपाने झाले तर काय घडू शकते, याचे उदाहरण मात्र मला दूर अमेरिकेत सापडते. सवाई गंधर्व निवर्तले त्याच १९५२ साली हॅरी स्मिथ नावाच्या एका छांदिष्ट संग्राहकाने लोकगीते, भजने आणि ब्लूज यांच्या चौऱ्याऐंशी जुन्या तबकड्या निवडून फोकवेज कंपनीकडून सहा एल.पी.चा संच काढविला. ब्लूज म्हणजे तेथील कृष्णवर्णीयांच्या कष्टातून उगवलेले गाणे. स्मिथने सोबतच्या पुस्तिकेत प्रत्येक गाण्याचा क्रमांक, कंपनी, साल नोंदविले. गायक गोरा की काळा, हे मात्र हेतुपुरस्सर सांगितले नाही. त्या संचात मिसिसिपी जॉन हर्ट यांची १९२८ सालची गाणी होती. गायक हयात आहे की नाही, हे चाहत्यांना ठाऊक नव्हते. १९६३ साली त्यांच्याच एका दुसऱ्या जुन्या गाण्यातील गावाच्या नावावरून शोध घेतला, तेव्हा ते त्या गावीच शेतीभातीत रमलेले आढळले. त्याच वर्षी न्यूपोर्टच्या महोत्सवात ते हजारोंपुढे गायिले.

आमच्याकडे काय दिसते? विद्यार्थिदशेनंतर पहिल्या पगारातून घेतलेली एक संकलित कॅसेट माझ्याजवळ अजून आहे. वेष्टनावर गायकाचे सुंदर छायाचित्र आणि रागांची नावे. साल नाही, मूळ तबकडीचा क्रमांक नाही, तबल्यावर कोण, पेटीवर कोण, काही नाही. एखाद्या प्रकाशकाने तुकोबांचे अभंग छापून गाथेची प्रत सांगितली नाही, तर आम्ही प्राध्यापक मंडळी केवढा गहजब करू! शिवाय जुन्या तबकड्यांची गती सर्वत्र नेमकी अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांची नसे. नव्या फितीवर उतरविताना हे ध्यानात घेतले नाही, तर गायकाची पट्टीच बदलते आणि त्या चुकीच्या पट्टीवरून पुढची मंडळी सिद्धान्त मांडू लागतात.

या वाचनालयाने जशी ग्रंथांची दाखलवही शंभर वर्षे सांभाळली, तशीच आता तबकड्यांची एक वही घालावी, अशी माझी विनंती आहे. मराठी आणि कानडी असा भेद तीत नको. ‘गांधारी’ची तबकडी कोणत्या कपाटात लावणार? ज्यांच्या माळ्यावर अशा चकत्या असतील त्यांनी त्या मोडीत घालण्यापूर्वी येथे दाखवाव्यात. निदान मधल्या कागदावरचा मजकूर उतरवून घेता येईल. आणि एक घरगुती सूचना : त्या स्वच्छ करण्यासाठी स्पिरिट वापरू नका. लाख त्यात विरघळते.