हात मोकळे ठेवणारा पाय

(सोलापूर जिल्हा कार्यकर्ता बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीत कापसाच्या आणि ज्वारीच्या भावावर बोलणे होणारच आहे. पण त्याआधी थोडा वेळ आम्ही एका वेगळ्या विषयासाठी मागून घेतला आहे. विषय आहे मोडलेल्या पायाचा. काहींना हसू आले, ते दिसले आम्हाला. शेतकऱ्यांच्या बैठकीत हाडाच्या डॉक्टरचे काय काम, असे मनात आले असेल. पुढची हकिकत ऐका, म्हणजे काम काय ते कळेल.

आमचा एक सहकारी आहे, मंगळवेढ्याच्या काळ्या रानातला. नाव सांगत नाही, तो इथे मागे बसला आहे. सहा एकर ज्वारी काढणीला आलेली, दाणा टिच्च भरलेला. अशा वेळी ट्रॉलीतून उतरताना पाय घसरला आणि घोटा मोडला. ऑपरेशन झाले, पट्टी आणि स्क्रू बसले. डॉक्टरांनी बजावून सांगितले, सहा आठवडे पाय जमिनीला टेकवायचा नाही. हातात दोन कुबड्या दिल्या आणि घरी पाठवले.

विसाव्या दिवशी गडी कुबड्या घेऊन रानात गेला. काढणीला बायामाणसे लागली होती, पेंढ्या बांधायला माणूस कमी पडत होता. काळ्या रानाला माघ-फाल्गुनात कशा भेगा पडतात ते तुम्हाला सांगायला नको. डाव्या कुबडीचे टोक भेगेत गेले, तोल गेला आणि मोडका पाय धाडकन खाली आला. पट्टी हलली, दुसरे ऑपरेशन झाले. सहा आठवड्यांचे दुखणे पाच महिन्यांवर गेले. मृगाची पेरणीही दुसऱ्याच्या हातांनी झाली.

आम्ही त्याच्यावर चिडलो. डॉक्टरने सांगितले ते ऐकायला काय झाले होते, असे त्याच्या घरी जाऊन बोललो. तो एवढेच म्हणाला, "पाय एकच मोडला होता, पण तिन्ही गेले ना. कुबड्या धरल्या की दोन्ही हात गुंतले. वैरण टाकायची कशाने? पाण्याची कळशी उचलायची कशाने?"

त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. म्हणून आम्ही माहिती काढली. तीच आज तुमच्यासमोर ठेवतो आहोत.

कुबडी हात खाते

कुबडी वाईट नाही. ती स्वस्त आहे, गावोगाव मिळते आणि ज्याला दुसरे काही चालत नाही त्यालाही चालते. पण ती वापरायची कशी हे नीट कोणी सांगत नाही. कुबडीचे वरचे टोक काखेत रुतता कामा नये. काख आणि टोक यांच्यात दोन-तीन बोटे जागा हवी. हात सरळ सोडला की मनगट जिथे येते तिथे मूठ हवी. अंगाचा भार तळहातावर घ्यायचा, काखेवर नाही. काखेवर रोज भार दिला तर तिथली शीर दबते, मनगट लुळे पडते, बोटांना मुंग्या येतात. पाय बरा व्हायचा आणि हात जायचा, असेही होते.

पण कुबडी कितीही बरोबर मापाची असली तरी दोन्ही हात तिच्यातच गुंततात. कचेरीत खुर्चीवर बसून काम करणाऱ्याला ते सोसते. तो टेबलाशी पोचला की कुबड्या बाजूला ठेवतो आणि त्याचे काम सुरू होते. आपले काम चालता चालता करायचे असते. कापूस वेचायचा तर एका हाताने बोंड धरायचे आणि दुसऱ्याने सरकीसकट कापूस ओढून ओटीत टाकायचा. ज्वारी उपटायला तर दोन हात आणि कंबरही लागते. आणि घरातल्या बाईचे काय? तिच्या हातात भांडे असते, कडेवर पोर असते. तिचा पाय मोडला म्हणजे घराचे सगळे हात गेले. तिला कुबड्या दिल्या म्हणजे बसून राहा असेच सांगितल्यासारखे झाले, आणि ती काही बसून राहत नाही.

एका शेतकऱ्याने ठोकलेला पाय

यावर तोड निघाली ती कॅनडातल्या एका शेतकऱ्याच्या डोक्यातून. त्याचा पाय दुखावला आणि कुबड्यांवर शेतावरची कामे होईनात. त्याने लाकडाचे तुकडे ठोकून स्वतःसाठी पाय तयार केला. गुडघा काटकोनात मागे दुमडायचा, नडगी एका गादीच्या फळीवर टेकवायची, मांडीला आणि नडगीला पट्टे आवळायचे. फळीखाली एक दांडा, दांड्याखाली रबराचे पाऊल. मोडलेला घोटा मागे अधांतरी राहतो, त्याला जमीन लागत नाही. अंगाचा भार गुडघा आणि नडगीच्या वरच्या भागातून दांड्यावर जातो. माणूस दोन पायांवर चालतो आणि दोन्ही हात मोकळे राहतात. याच लाकडी पायातून पुढे 'आयवॉक' नावाचे ॲल्युमिनियम आणि प्लॅस्टिकचे साधन बाजारात आले. 

कल्पना तशी जुनीच आहे. सोळाव्या शतकात फ्रान्समध्ये आंब्रोआज पारे नावाचा मोठा शल्यवैद्य होऊन गेला. त्याच्या ग्रंथात गरिबांसाठीचा लाकडी पाय म्हणून असाच, गुडघा उशीवर टेकवायचा पाय चित्रासह दिला आहे. श्रीमंतासाठी कळसूत्री पाय आणि गरिबासाठी लाकडाचा खुंट. पण काम खुंटावरही होत होते.

आता नीट ऐका. हा पाय सगळ्यांसाठी नाही.

दुखापत गुडघ्याच्या खाली हवी. घोटा, पाऊल, टाच, टाचेमागची शीर, यांच्यासाठी तो ठीक. नडगी वरच्या भागात मोडली असेल तर चालणार नाही, कारण भार तिथेच पडतो. गुडघा धड हवा आणि पूर्ण वाकता हवा. दुसरा पाय दणकट हवा, त्याच्या एकट्यावर आधाराशिवाय उभे राहता आले पाहिजे. मोडण्याआधी कठडा न धरता जिना चढता-उतरता येत होता का, हे स्वतःला विचारा. येत नव्हता तर या साधनाच्या नादी लागू नका. चक्कर येणारा, तोल जाणारा, फार वय झालेला किंवा अंगाने फार जड माणूस असेल तर चार पायांचा वॉकरच बरा. संध्याकाळी घेणाऱ्याने तर याला हातही लावू नये. आणि कोणाच्याही बाबतीत आधी हाडाच्या डॉक्टरला विचारायचे, पहिली पावले त्याच्यासमोर टाकायची. एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला घरचे माणूस, असे दोन-तीन दिवस शिकायचे. बसल्यावर साधन काढून पाय उशीवर उंच ठेवायचा, नाहीतर सूज उतरत नाही.

मधुमेहामुळे तळपायाला जखम झालेले आपल्यात थोडे नाहीत. त्या जखमेवरचा भार काढणे हाच निम्मा उपचार. पण अशा माणसाच्या पायाला बधिरपणा असतो, पट्टा रुतला तरी कळत नाही. त्याने डॉक्टरच्या नजरेखालीच वापरावा.

काळ्या रानासाठी कोण बनवणार?

एक गोष्ट साफ सांगतो. हा पाय घालून नांगरलेल्या रानात जायचे नाही. शहाबादी फरशी, अंगण, ओटा, सपाट खळे, डांबरी रस्ता, इथपर्यंतच त्याची हद्द. ढेकळात, भेगांत, पावसाच्या चिखलात, शेणाने निसरड्या झालेल्या गोठ्यात तो कुबडीइतकाच धोक्याचा. तो घालून जमिनीवर मांडी घालता येत नाही, चुलीपुढे बसता येत नाही, देशी संडासात उकिडवे बसता येत नाही. कारण तो खुर्ची-टेबलाच्या देशात बनला. शोध शेतकऱ्याचा, पण माप त्यांच्या घरांचे.

म्हणून हात बांधून बसायचे का? जयपूरची आठवण करा. पाय कापलेल्यांना पूर्वी जे परदेशी धाटणीचे पाऊल मिळायचे ते बुटात घालायचे होते. आपला माणूस अनवाणी चालणारा, मांडी घालून बसणारा, पाण्यात उतरणारा. तो ते पाऊल घरी नेऊन कोपऱ्यात ठेवायचा. १९६० च्या दशकाच्या अखेरीस जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात रामचंद्र शर्मा हे कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी हे अस्थिशल्यविशारद यांनी मिळून रबराचे पाऊल घडवले. त्यावर उकिडवे बसता येते, चिखलात चालता येते, बूट लागत नाही. डॉ. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शर्मा यांचे शिक्षण बेताचे, पण हातात कला होती. डॉक्टरला हाड कळत होते, मिस्त्रीला रबर कळत होते. दोघे एकत्र आले तेव्हा काम झाले.

आमचे म्हणणे असे की मोडलेल्या पायासाठीही हेच व्हावे. रुंद पाऊल, झटकन सुटणारा पट्टा, धुता येणारी गादी. यात रॉकेटचे शास्त्र नाही. पण आपल्यापैकी कोणी उद्या सुताराकडे जाऊन स्वतःच फळी ठोकून घेऊ नये. माप चुकले तर गुडघा जातो. मिस्त्रीने डॉक्टरबरोबर बसून करायचे काम आहे हे.

दुसरी एक वाट अमेरिकेतल्या मायामीच्या डॉ. ऑगस्तो सार्मिएन्तो यांनी १९६० च्या दशकात दाखवली. नडगी मोडली की मांडीपर्यंत प्लॅस्टर घालून माणसाला महिनोन्‌महिने झोपवायचे, ही जुनी रीत. त्यांनी गुडघ्याच्या वाटीखाली नीट दाबून बसवलेले, गुडघा मोकळा ठेवणारे प्लॅस्टर आणले आणि त्यावर भार देऊन लवकर चालायला लावले. आपल्याकडे त्याला पी.टी.बी. प्लॅस्टर म्हणतात. ते प्रत्येक मोडीला चालत नाही. पण डॉक्टरला विचारायला काय हरकत आहे? "साहेब, मी शेतकरी आहे, मला हात लागतात. भार कधीपासून देऊ? माझ्या पायाला यातले काय चालेल?" एवढे तीन प्रश्न विचारायला शिका. आपण विचारत नाही, म्हणून ते सांगत नाहीत.

सरकारी कागदात हा पाय कुठे आहे?

१९४८ साली कामगार राज्य विम्याचा कायदा झाला. कारखान्यात काम करताना विमा उतरवलेल्या कामगाराचा पाय मोडला तर कामावर परत येईपर्यंत मजुरीच्या बदल्यात रक्कम मिळण्याची सोय झाली. चांगले झाले. पण त्या कारखान्याला कापूस पुरवणाऱ्याचा पाय मोडला तर?

राज्याच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा योजनेत अपघाती मृत्यू झाला तर २ लाख, एक अवयव कायमचा निकामी झाला तर १ लाख रुपये आहेत. म्हणजे पाय गेला तर पैसे. पाय मोडला, वाचला, पण हंगाम गेला, त्याला काही नाही. केंद्राची साधने देण्याची योजना १९८१ पासून आहे, तिला ४० टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो. सहा आठवड्यांच्या प्लॅस्टरला असा दाखला कोण देणार? महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून हाडाची ऑपरेशने होतात. पण ऑपरेशन दोन तासांचे, त्यानंतरचे दोन-तीन महिने ज्याचे त्याने बघायचे. शेतकरी मेला तर सरकारला दिसतो, लंगडला तर दिसत नाही. ही मागणी आपण मांडायचीच आहे. पण ती पुरी होईपर्यंत हाडे मोडायची थांबणार नाहीत.

म्हणून आज तीन गोष्टी ठरवू.

पहिली, प्रत्येक तालुक्याच्या गावी आपले एक कपाट. त्यात मापाच्या कुबड्यांचे दोन जोड, एक वॉकर, एक भोकाची खुर्ची आणि सगळ्यांनी मिळून घेतलेला एक हात मोकळा ठेवणारा पाय. तो डाव्या-उजव्या दोन्ही पायांना बसतो, उंची कमी-जास्त होते. एकाला तो सहा आठवडे लागतो, मग वर्षात पाच-सहा घरे फिरतो. अनामत ठेवून न्यायचा, धुऊन परत आणायचा. वहीत नोंद आणि डॉक्टरची चिठ्ठी, त्याशिवाय नाही. दान नाही आणि उपकारही नाहीत.

दुसरी, सोलापुरातल्या हाडाच्या डॉक्टरांना आणि कृत्रिम अवयव बनवणाऱ्या कारागिरांना एकत्र बसवून काळ्या रानाच्या मापाचा पाय बनवायला सांगायचे. घालून बघायला माणसे आपण देऊ.

तिसरी सगळ्यात महत्त्वाची. कोणतेही साधन ज्वारी उपटत नाही. आपल्याकडे इर्जिक होती. एकाचे काम अडले की गावाची औते त्याच्या रानात उतरायची आणि तो जेवण घालायचा. ज्याचा पाय मोडला त्याच्या काढणीला इर्जिक व्हावी. त्याने सपाट खळ्यावर उभे राहून पोती मोजावीत, मोकळ्या हातांनी सगळ्यांना पाणी द्यावे, हिशेब लिहावा. रानात पाऊल टाकू नये.

आमचा सहकारी विसाव्या दिवशी रानात गेला तो हौसेने गेला नाही. त्या दिवशी त्याच्या रानात पेंढ्या बांधायला एक माणूस कमी होता, आणि तो एक माणूस आपल्यापैकी कोणीही असू शकला असता. आम्हीसुद्धा. त्याच्या घरी आम्ही रागवायला गेलो, पेंढ्या बांधायला गेलो नव्हतो. ही चूक आमची, ती इथे कबूल करतो.

कपाटाची वही आज इथेच सुरू होते आहे. नावे द्या, मग भावाच्या विषयाला हात घालू.