फैजाबादची कादंबरी लिहिणारा गोव्याचा डॉक्टर

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

डॉक्टरांनी कथा-कादंबऱ्या लिहाव्यात यात नवल नाही. रशियाचे चेकॉव्ह डॉक्टर होते, शेरलॉक होम्सला जन्म देणारे कॉनन डॉईलही डॉक्टरच. त्या दोघांच्याही आधी आपल्या शेजारच्या गोव्यातला एक डॉक्टर कादंबरीकार झाला. त्याचे नाव मात्र आपल्याकडे, विशेषतः इकडे विदर्भात, क्वचितच ऐकू येते. ते नाव डॉ. फ्रान्सिस्को लुईस गोमिश.

सासष्टीतल्या नावेली गावी ३१ मे १८२९ रोजी गोमिश यांचा जन्म झाला. गोव्याच्या वैद्यकीय शाळेतून १८५० साली ते डॉक्टर होऊन बाहेर पडले. पुढे दहाच वर्षांत गोव्याचे प्रतिनिधी म्हणून ते लिस्बनच्या संसदेत निवडून गेले. दादाभाई नौरोजी इंग्लंडच्या संसदेत पोचले ते १८९२ साली, हे ध्यानात घेतले म्हणजे या गोष्टीचे वेगळेपण कळते. अर्थात मतदार मूठभर होते आणि साम्राज्य पोर्तुगालचे होते, हेही विसरून चालणार नाही.

गोमिश यांची पुस्तके पाहिली तर हा माणूस नाडीपरीक्षा कधी करत असेल असा प्रश्न पडतो! १८६१ साली त्यांनी फ्रेंच भाषेत कापसावर पुस्तक लिहिले. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस कुठून मिळणार, हा साऱ्या जगापुढचा सवाल होता. गोमिश यांची नजर आफ्रिकेतल्या पोर्तुगीज मुलखावर होती. पण त्याच कापसाच्या ओढीने आपल्या हिंगणघाटकडे व्यापाऱ्यांचे लक्ष वळले, १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत आली आणि पुढे १८७७ मध्ये एम्प्रेस मिल उभी राहिली. नागपूरकराला हे पुस्तक परके वाटायचे कारण नाही. त्याच्या पुढच्याच वर्षी गोव्यातल्या जमिनीवर आणि शेतीच्या अर्थकारणावर त्यांनी पोर्तुगीजमध्ये लिहिले. १८६७ मध्ये अर्थशास्त्र, नीती आणि कायदा यांच्या नात्यावर पुन्हा फ्रेंचमध्ये एक ग्रंथ आला.

आणि या सगळ्यांच्या मध्येच, १८६६ साली, लिस्बनला प्रसिद्ध झाली ‘उश ब्राह्मनिश’ ही कादंबरी. ‘उश ब्राह्मनिश’ म्हणजे ‘ब्राह्मण’.

ही कादंबरी घडते ती गोव्यात नव्हे, तर अवधमधल्या फैजाबादेत, म्हणजे आजच्या अयोध्या जिल्ह्यात. काळ सत्तावन्नच्या उठावाचा. आमचे नागपूरचे राज्य १८५४ साली खालसा झाले, अवधचे १८५६ साली. त्या जखमा ताज्या असताना हा डॉक्टर त्यावर कादंबरी लिहितो आहे. मराठीत ‘यमुनापर्यटन’ येऊन तेव्हा जेमतेम नऊ वर्षे झाली होती.

एका बाजूला मॅग्नोद नावाचा ब्राह्मण, दुसऱ्या बाजूला रॉबर्ट डेव्हिस हा गोरा साहेब. अपमान होतो, सूडाची आग पेटते आणि त्यातून मॅग्नोद उठावात ओढला जातो. पण गोमिश यांना सांगायचे आहे ते निराळेच. त्यांच्या मते हिंदुस्थानात ब्राह्मण दोन प्रकारचे आहेत. एक जन्माच्या जोरावर खालच्याला शिवत नाही, दुसरा कातडीच्या रंगावर तेच करतो. साहेब आमच्या जातिभेदाला नाके मुरडतो, पण त्याच्या बंगल्यात, त्याच्या क्लबात आणखी एक जात पाळली जाते! जोतिराव फुल्यांची ‘गुलामगिरी’ १८७३ साली आली. फुल्यांनी जात सोसलेल्यांच्या बाजूने पाहिली. गोमिश हे ख्रिस्ती असले तरी गोव्यातल्या वरच्या चार्दो जातीतले. तरीही या दुखण्याची दोन्ही टोके त्यांना एकाच वेळी दिसली, हे मला फार मोलाचे वाटते.

कादंबरी म्हणून ती उत्तम आहे असे मी म्हणणार नाही. पात्रे बोलू लागली की भाषणे देतात, आणि लिस्बनच्या वाचकाला हिंदू चालीरीती समजावून सांगण्यात कथानक थबकते. दुसरी गोष्ट अधिक खटकते. इंग्रजी राज्याची इतकी कठोर तपासणी करणारा हा डॉक्टर पोर्तुगीज राज्याला मात्र फारसा हात लावत नाही. उपाय सुचवतो तोही ख्रिस्ती समतेचा, आणि त्याच धर्माच्या नावाने गोव्यात चाललेले इन्क्विझिशन १८१२ पर्यंत पुरते बंद झाले नव्हते. याचा थोडा उलगडा त्यांच्या शेवटच्या पुस्तकातून होतो. १८६९ साली त्यांनी पोंबालचे चरित्र लिहिले. गोव्यातल्या ख्रिस्ती प्रजेला पोर्तुगिजांच्या बरोबरीचे हक्क देणारा १७६१ चा हुकूम याच पोंबालच्या कारकिर्दीतला. त्या हुकमावर गोमिश यांची श्रद्धा होती. पण संसदेत बसल्या बसल्याच त्यांना वसाहतींच्या प्रतिनिधित्वाचा बचाव करावा लागला होता!

तोवर क्षयाने त्यांना गाठले होते. क्षयाचे जंतू कॉक यांनी शोधले ते १८८२ मध्ये, तेव्हा औषध कसले असणार? गोव्याला परतायचे म्हणून ते बोटीवर चढले आणि ३० सप्टेंबर १८६९ रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, वाटेतच वारले. सुएझ कालवा खुला व्हायला अजून सात आठवडे होते.

‘उश ब्राह्मनिश’चे इंग्रजी भाषांतर मुंबईत निघाले ते १९३१ साली, मूळ पुस्तकानंतर पासष्ट वर्षांनी.