समुद्राकाठचं बंद घर आणि आपली सही



सकाळी बदलापूर स्टेशनवर लोकलला काय रेटा असतो, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात आपल्यातल्या कितीतरी जणी कोकणातून आल्या, इथंच संसार थाटला. पण डोळे मिटले की दिसतं ते गावचं घर.

माझं माहेर दापोली तालुक्यातलं. एसटीतून उतरून पाखाडीनं दहा मिनिटं खाली चालायचं. कौलारू घर, पुढे पडवी, मागे विहीर, चार माड, एक रातांबा. जवळ शेजार नाही. रात्री ऐकू येते ती समुद्राची गाज. आई होती तोवर घर उघडं होतं. ती गेली आणि कुलूप लागलं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात अर्धी कौलं उडाली.

आता अशाच आडबाजूच्या घरांना गिऱ्हाईक येतं. शहरातल्या माणसाला शांतता हवी आहे. गेल्या गणपतीत दादा म्हणाला, "अगं, हक्कसोडपत्रावर तुझी एक सही लागेल."

मी म्हटलं, "दादा, आधी मला वाचू दे."

दोन दिवस तो बोलला नाही. आरतीलाही गप्पच. वहिनी मात्र मागच्या दारी येऊन हळूच म्हणाली, "ताई, मी न वाचताच सही केली होती. आता माहेरी जायला घर नाही."

मैत्रिणींनो, वडिलांच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हिस्सा आहे. हिंदू वारसा कायद्यात तशी दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली. वडील त्याआधी वारले असले तरी हा हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलं. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेली वाटणी किंवा विक्री मोडता येत नाही.

म्हणून तीन कामं करा. जमिनीचा सातबारा काढा. ग्रामपंचायतीतून घराचा असेसमेंट उतारा घ्या. वारस नोंदीत आपलं नाव आहे का, ते तलाठी कार्यालयात बघा. हक्कसोडपत्र एकदा नोंदवलं की ते फिरवणं फार अवघड असतं. हक्क सोडायचाच असेल तर खुशाल सोडा, भावाच्या मायेनं सोडा. पण वाचून, समजून सोडा.

आमचं काय झालं? घर विकायचं की ठेवायचं, ते अजून ठरलेलं नाही. पण वारस नोंदीसाठी आम्ही दोघांनी मिळून अर्ज दिला. पावसाआधी खर्च निम्मा निम्मा वाटून कौलं शाकारली. शेवटचं कौल बसल्यावर दादा पडवीत बसला आणि म्हणाला, "चहा टाक गं, तुझंच घर आहे."

पुढच्या बैठकीला येताना आपापला सातबारा घेऊन या. सगळ्या मिळून वाचू.