मृग जानेवारीत कसा?



रात्रीची जेवणं उरकली की आपण फोन हातात घेतो. बोट वर सरकत राहतं, एकामागून एक काहीतरी समोर येत राहतं. तासाभरानं कुणी विचारलं, काय पाहिलंस, तर धड सांगता येत नाही. माझीही कित्येक वर्षं अशीच गेली. तो तास मला परत मिळाला आकाशामुळे, आणि एका प्रश्नामुळे.

गेल्या जानेवारीत माझी दहा वर्षांची पुतणी राहायला आली होती. गच्चीवर मी तिला ओळीतले तीन तारे दाखवले आणि म्हटलं, हे बघ मृग नक्षत्र. ती म्हणाली, "काका, मृग तर जूनमध्ये लागतो ना? आजोबा पेरणीच्या वेळी म्हणतात. मग आत्ता कसा दिसतो?"

मला उत्तर येईना. फोनवर अर्ध्या मिनिटात सापडलं असतं. पण आम्ही ठरवलं, रोज रात्री नऊ वाजता पंधरा मिनिटं बघायचं आणि आपणच शोधायचं. ती गावी गेल्यावर तिथून बघायची, मी इथून.

तुम्हालाही जानेवारीच्या रात्री ते तीन तारे दिसतील. शहरातल्या दिव्यांतूनही दिसतात. तो मृगाला लागलेला बाण. भोवतीचे चार ठळक तारे म्हणजे मृगाचे पाय. बाणाची रेघ खाली आग्नेयेकडे वाढवली की व्याध भेटतो, रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा. तीच रेघ उलट बाजूला नेली की लालसर रोहिणी, आणि तिच्या पुढे कृत्तिकांचा छोटासा झुबका. व्याधापासून निघालेला प्रकाश साडेआठ वर्षांनी आपल्या डोळ्यांत शिरतो. रोहिणीचा मात्र सुमारे ६५ वर्षांनी. म्हणजे महाराष्ट्र राज्य जन्माला आलं त्या सुमारास निघालेला उजेड आपण आज पाहतोय. हे कळल्यापासून मला रोहिणीकडे नुसतं बघून पुढे जाता येत नाही.

मृगाच्या चार पायांतला एक तारा तांबूस आहे, त्याचं नाव काक्षी. त्याच्या तिरक्या समोरचा राजन्य निळसर पांढरा. पुतणीला वाटलं, लाल तो जास्त तापलेला. खरं उलटं आहे. लोहाराच्या भट्टीत लोखंड आधी लाल होतं, आणखी तापलं की पांढरं पडतं. ताऱ्यांचंही तसंच.

आठ-दहा दिवसांत आमच्या एक गोष्ट लक्षात आली. नऊच्या ठोक्याला मृग रोज थोडा पश्चिमेला सरकलेला असायचा. प्रत्येक तारा आदल्या दिवसापेक्षा चार मिनिटं लवकर उगवतो. महिन्याला दोन तास, बारा महिन्यांत चोवीस. पृथ्वी सूर्याभोवती फिरते म्हणून हे घडतं, हे शाळेत वाचलं होतं. ते डोळ्यांनी घडताना पहिल्यांदाच पाहिलं. फोनवर काल पाहिलेलं आज सापडत नाही. इथे मात्र कालचा तारा आज येतोच, आणि तो कुठे असेल हे आपल्याला आधीच सांगता येतं. त्या आनंदाची सवय लागते.

फेब्रुवारीत मृग डोक्यावरून ढळू लागला. मार्च सरता सरता पश्चिमेकडे उतरला. एप्रिलच्या अखेरीस तिन्हीसांजेला क्षितिजाजवळ. मेच्या मध्यावर पुतणीचा फोन आला, "काका, मृग सापडत नाहीये." मी म्हटलं, कुठे गेला असेल? बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "सूर्याच्या मागे?"

तेच उत्तर होतं. मृग लागतो म्हणजे सूर्य आकाशाच्या त्या भागात येतो. तेव्हा मृग दिवसा सूर्यासोबत उगवतो, त्याच्यासोबत मावळतो, म्हणून दिसत नाही. सहा महिन्यांनी पृथ्वी पलीकडे गेली की तोच रात्रभर दिसतो. रोहिणी, मृग, आर्द्रा, तरणा पाऊस पाडणारं पुनर्वसू, म्हाताऱ्या पावसाचं पुष्य: आपल्या शेतकऱ्याचं पावसाळ्याचं सगळं वेळापत्रक अशा न दिसणाऱ्या ताऱ्यांवर बेतलेलं आहे.

जूनच्या आठ तारखेला गावी पाऊस पडला. ती आजोबांबरोबर ओट्यावर बसली होती. ढगांकडे बोट दाखवून त्यांना सांगत होती, आपला मृग आत्ता या ढगांच्या वर आहे, सूर्याच्या शेजारी.