पात्याची गोलाई
(सुतारकाम प्रशिक्षण वर्गाच्या उद्घाटनप्रसंगी केलेले भाषण)



फळी सपाट करायची, तर रंध्याच्या पात्याची धारही सरळच हवी, असे नवख्याला वाटते. आरंभी मीही गुण्या लावून पाते काटेकोर सरळ घासले होते. सागवानी पाटावर प्रत्येक हातासरशी पात्याच्या कोपऱ्यांच्या रेघा उमटल्या. एका वृद्ध मिस्त्रींनी काही न बोलता पाते काढले आणि त्याचे कोपरे दगडावर झिजवून दिले.

ओबडधोबड फळी उतरवणाऱ्या जॅक रंध्याच्या पात्याला भरपूर गोलाई द्यावी; त्रिज्या सुमारे १० इंच. २ इंच रुंद पात्याचे कोपरे मग मध्यापेक्षा सव्वा मिलिमीटर मागे राहतात. हा रंधा तंतूंना आडवा चालवला, की उंचवटे झपाट्याने उतरतात. पुढच्या लांब रंध्याला मात्र केसाइतकी गोलाई पुरते. दगडावर एका कोपऱ्याशी बोट दाबून मोजके हात मारावेत, तितकेच दुसऱ्या कोपऱ्याशी. चाकावर घासताना पाते वरचेवर पाण्यात बुडवावे. ते निळे पडले की पोलादाचे पाणी उतरलेच!

या केसभर गोलाईची खरी किंमत फळ्या सांधताना कळते. फळीची कड एका बाजूला उंच असेल, तर रंधा तिरपा धरू नये. नुसता त्या बाजूला सरकवावा. पात्याचा मध्य तेथे जाड सालपट काढतो, कोपरा दुसरीकडे पातळ काढतो आणि कड काटकोनात येते. मग एका फळीवर दुसरी उभी ठेवून मागे दिवा धरावा. मध्यभागी किंचित उजेड दिसला तर चालेल, टोकांशी मात्र दिसता कामा नये. टोकांकडून लाकूड लवकर सुकते आणि सांधा प्रथम तेथेच उघडतो.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी आरंभ झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. त्यांत सुतारकाम आहे. अवजारांसाठी १५,००० रुपयांची तरतूद आहे, ही समाधानाची गोष्ट. पण अवजारांच्या पेटीतून हात येत नाही. तो मिस्त्रींच्या शेजारी बसूनच येतो, आणि त्यांच्या शेजारची जागा आज रिकामी आहे. ही विद्या आपण एका जातीवर सोपवून दिली, तिला मान मात्र दिला नाही. मग त्यांच्या मुलांनी पाठ फिरवली तर दोष कोणाचा? या वर्गात निरनिराळ्या घरांतली मुले-मुली बसली आहेत, म्हणून मी आनंदाने आलो.

दुपारी प्रत्येकाला एक पाते आणि दोन फळ्या मिळतील. सरस आज लावायचा नाही. आधी दिवा धरून मला दाखवा.