मंदगतीचे मूल, त्याचे घर आणि शासनाचे साहाय्य



बहुतेक प्रत्येक शाळेच्या पटावर एखादे असे नाव असते की, हजेरीच्या वेळी ते उच्चारले जाते आणि उत्तर मात्र दुसराच मुलगा देतो : "गुरुजी, तो घरीच असतो." पुढे कोणी काही विचारीत नाही. ते मूल आठ वर्षांचे झाले तरी चार शब्दांपलीकडे बोलत नाही, किंवा त्याची मान व हातपाय त्याच्या ताब्यात नसतात, किंवा ते कोणाच्या नजरेस नजर न देता तासन् तास एकच हालचाल करीत बसते. गाव त्यास वेडे म्हणून मोकळे होते. शाळेस तसे मोकळे होता येत नाही. ज्याची अक्षमता ४० टक्के किंवा त्याहून अधिक ठरली आहे, अशा ६ ते १८ वर्षे वयाच्या बालकास जवळच्या शाळेत अथवा पसंतीच्या विशेष शाळेत विनामूल्य शिक्षण घेण्याचा हक्क २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिला आहे.

परंतु हक्क कागदावर मिळाला म्हणून घरातील ओढाताण थांबत नाही. मोलमजुरी करणाऱ्या कुटुंबाचा विचार करावा. मुलास तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी दाखवावयाचे तर एक दिवसाचा रोज बुडतो, आणि मूल चालत नसेल तर दोघांचा बुडतो. उपचार एका खेपेत संपणारा नसतो. व्यायाम व वाचोपचार महिनोन् महिने चालू ठेवावे लागतात. दोन-चार खेपा झाल्या की पैसा संपतो व मूल पुन्हा ओसरीवर बसते. मग आईने कामावर जावयाचे तर त्याच्याजवळ कोणी थांबावे? थांबते ती त्याची थोरली बहीण. तिचेही नाव आपल्याच पटावर असते. एका मुलाच्या व्यंगापायी दोन मुलांची शाळा सुटते ती अशी, आणि दुसरीच्या गैरहजेरीचे कारण आपल्या दप्तरात 'घरकाम' असे लिहिले जाते.

अशा मुलांसाठी मुंबईत जय वकील शाळा १९४४ साली निघाली. पुढे अन्य शहरांतही संस्था उभ्या राहिल्या. तथापि खेड्यातील आईने मूल घेऊन शहर गाठावे ही अपेक्षाच अवास्तव होती. कोठारी आयोगाने (१९६४-६६) अपंग मुलांना शक्य तेथवर सर्वसाधारण शाळांतच शिकविण्याचा विचार मांडला, १९७४ साली केंद्र सरकारने त्यासाठी योजना काढली, आणि २०१८ पासून हे कार्य समग्र शिक्षा अभियानात अंतर्भूत आहे. म्हणजे पैसा आता गावाच्या वाटेला लागला आहे. तो वाटेत अडतो कोठे, हे पाहणे अगत्याचे आहे.

पहिली अडचण ओळख पटण्याची. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा येऊन मुले तपासतात. जन्मजात व्यंगे, कमतरता व आजार यांबरोबरच विकासातील विलंब शोधणे हे त्यांचे नेमलेलेच काम आहे. संशयित बालकास जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविले जाते. मात्र पथक तपासते ते हजर मुलांना! ज्यास तपासणीची सर्वांत अधिक गरज, तेच त्या दिवशी घरी असते. पथकाची तारीख कळताच आदल्या सायंकाळी त्या घरी निरोप धाडला आणि मूल शाळेत आणविले, तर पुढील बरेच काम तेथेच होते.

दुसरी अडचण प्रमाणपत्राची. ते व त्यासोबतचे वैश्विक ओळखपत्र यांसाठी संगणकावर अर्ज करावयाचा असतो, व नंतर शासकीय रुग्णालयात तपासणी होते. निरक्षर पालकास हा अर्ज हाच डोंगर वाटतो. शिक्षकास तो अर्ध्या तासाचा उद्योग आहे. लहान वयात दिलेली काही प्रमाणपत्रे मुदतीची असतात. मुदत संपल्याचे पालकास बहुधा भत्ता थांबल्यावरच कळते. यास्तव ती तारीख शाळेतही टिपून ठेवावी.

तिसरी अडचण मात्र आपल्याच लेखणीतली आहे. शाळेची वार्षिक माहिती भरताना 'दिव्यांगत्वाचा प्रकार' हा रकाना पुष्कळदा रिकामा राहतो. पालकांस वाईट वाटेल, प्रमाणपत्र अद्याप नाही, नसती चौकशी मागे लागेल, अशी त्याची कारणे सांगितली जातात. परिणाम असा की, जिल्ह्याचे अंदाजपत्रक याच आकड्यांवर बांधले जात असल्यामुळे जे मूल रकान्यात नाही त्याच्यासाठी तरतूदही होत नाही. समग्र शिक्षेत प्रत्येक विशेष गरजा असलेल्या विद्यार्थ्यामागे वर्षास ३,५०० रुपयांपर्यंतचे प्रमाण धरलेले आहे. ही रक्कम पालकाच्या हाती पडावयाची नसते. साहाय्यभूत साधने, शिक्षणसाहित्य, मदतनीस भत्ता, प्रवास भत्ता अशा बाबींवर ती खर्च होते. 'साडेतीन हजार कोठे गेले?' असे पालक विचारतात, तेव्हा हे समजावून सांगावे. मुलींसाठीचा प्रोत्साहन भत्ता महिना २०० रुपये, दहा महिने, हा मात्र थेट बँकेत जमा होतो. तेव्हा खाते आधी उघडलेले हवे. जे मूल शाळेत येऊच शकत नाही त्यास घरी शिक्षण देण्याची मुभा आहे, आणि त्याकरिता गटसाधन केंद्रातील विशेष शिक्षकास बोलाविता येते.

उपचारखर्चाविषयी 'निरामय' ही आरोग्य विमा योजना आपणांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. १९९९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाची ही योजना स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता या चार प्रकारांसाठी आहे. वर्षास १ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते, वयाची अट नाही, विम्यापूर्वी वैद्यकीय चाचणी नाही. सामान्य विमा ज्याकडे ढुंकून पाहत नाही, ते बाह्यरुग्ण उपचार व नियमित थेरपी यांचा खर्चही तीत, ठरलेल्या मर्यादेत, भरून मिळतो. खर्च आधी करून मग मागावयाचा असतो, म्हणून पावती न् पावती जपावी लागते. गरिबास हे जाचक आहे खरे. तरीही एक पिशवी खुंटीला टांगून तीत सर्व कागद ठेवावेत, एवढे त्या आईस सांगितले तरी पुष्कळ झाले. विम्याचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागते.

याखेरीज उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या कुटुंबास संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कचेरीत करता येतो. ग्रामपंचायतीने आपल्या स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी राखून ठेवावयाची असते. ग्रामसभेत घरपट्टी व पाणीपट्टी यांची चर्चा तावातावाने होते. या ५ टक्क्यांचा हिशेब मात्र क्वचितच कोणी विचारतो. ग्रामसेवकास तो सभेपूर्वी शांतपणे विचारावा. रक्कम लहान असली तरी कोपऱ्याची खुर्ची, शौचालयातील आधाराची दांडी, जिल्ह्याच्या खेपांचे भाडे, असल्या गोष्टींना ती पुरते.

मूल १८ वर्षांचे झाले की आईबाप कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. बँकेत व कचेरीत अडवणूक सुरू होते ती येथून. अशा वेळी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो. ज्यांच्या पटावरून अशी मुले नुकतीच उतरली आहेत, त्या शिक्षकांनी त्या घरी जाऊन हे कळवावे. प्रमाणपत्राची मुदत, विम्याचा क्रमांक व बँक खाते यांची नोंद ठेवण्यासाठी निराळी वही नको. सर्वसाधारण नोंदवहीची शेवटची दोन पाने पुरेशी होतात, आणि बदली झाल्यास कार्यभाराबरोबर ती पुढील शिक्षकाच्या हाती जातात.