ठिणगीवरचा पहारा

गच्चीवर वेल्डिंग निघालं, तेव्हा मी सोसायटीत म्हटलं, ''आगीवर नजर ठेवायला वेगळा माणूस नेमू.'' उत्तर आलं, ''वॉचमन आहे की!'' पण तो फाटक सोडणार कसा? शेवटी एका माणसाची दिवसाची मजुरी मीच दिली.

ठिणगी फटीत, गोणपाटात गुपचूप धुमसते. म्हणूनच अमेरिकेतल्या 'एनएफपीए ५१बी' या मानकाने २०१९ साली वेल्डिंगनंतरचा पहारा अर्ध्या तासावरून एक तास केला.

वेल्डर काम आटोपून गेला. आमचा माणूस बादली, वाळू घेऊन बसून राहिला. चाळिसाव्या मिनिटाला पाण्याच्या टाकीमागच्या गोणपाटातून धूर आला. एका बादलीत भागलं. पुढच्या कामाच्या अंदाजपत्रकात ही मजुरी न मागता आली.